आडवी ओढ, उभी ओढ: बारशिवाय पुल-अप्सची जागा कशाने भरायची?

घरात बार नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: टेबलाखाली झोपा, कडा धरा आणि छाती वर ओढा. व्यायाम उत्तम आहे, फक्त तो पुल-अप नाही. दोन्हींत अंग हातांनी ओढायचं असतं, म्हणून गल्लत होते. फरक ओढीच्या दिशेत आहे.

पुल-अपमध्ये बारला लटकून अंग वर ओढायचं असतं; हात डोक्याच्या वर असतात आणि कोपरं तिथून खाली बरगड्यांकडे येतात. ही उभी ओढ. तिचा मुख्य भार पाठीच्या ‘लॅट’ स्नायूंवर पडतो. जिममध्ये ज्यांना ‘विंग्स’ म्हणतात, तेच हे स्नायू. कंबरेपासून आणि पाठीच्या कण्याच्या खालच्या अर्ध्या भागापासून निघून ते बगलेखालून दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला जुळतात. वर गेलेला दंड खाली खेचणं हे त्यांचं खास काम.

टेबलाखालच्या ओढीत, म्हणजे इनव्हर्टेड रोमध्ये, हात छातीसमोर असतात आणि कोपरं मागे जातात. लॅट इथेही राबतात, पण खांद्याची पाती जवळ आणणारे मधल्या पाठीचे स्नायू आणि खांद्याचा मागचा भाग यांना जास्त काम मिळतं. शिवाय टाचा जमिनीवर असल्याने वजनाचा काही हिस्सा पाय उचलतात. म्हणून वीस रो सहज मारणारा माणूस बारला लटकला की दोन पुल-अप्समध्ये गार पडू शकतो. त्यात नवल नाही. डोक्यावरून खाली खेचायची सवयच त्याला झालेली नसते.

आडवी ओढ घरात जमवणं सोपं. टेबल जड आणि चार पायांचं हवं. मधल्या एकाच खांबावरचं नको, ते कलंडतं. टेबल नसेल तर जाड टॉवेलच्या एका टोकाला गाठ मारून ती दाराच्या वरून पलीकडे टाका, दार बंद करा आणि दुसरं टोक धरून मागे झुका. दार तुमच्यापासून पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीत आणखी घट्ट बसतं. उलट्या बाजूने केलंत तर दार थेट अंगावर येईल. पाय दाराच्या जितके जवळ आणि झुकणं जितकं जास्त, तितका व्यायाम कठीण.

खरी अडचण उभ्या ओढीची. माझी पसंती गुळगुळीत फरशीला. पोट आणि मांड्यांखाली टॉवेल घालून पालथं झोपा, हात डोक्यापुढे लांब करा, तळवे फरशीवर घट्ट रोवा आणि कोपरं बरगड्यांकडे आणत सगळं अंग पुढे सरकवा. दिसायला हे अगदीच हास्यास्पद, पण हात वरून खालीच येतात, फक्त आपण आडवे असतो. घर्षण हाच भार. कमी वाटलं तर पाठीवर सॅक घ्या.

रेझिस्टन्स बँड, म्हणजे व्यायामाचा ताणला जाणारा रबरी पट्टा, असेल तर तो दाराच्या वरच्या कडेला अडकवून, गुडघ्यांवर बसून खाली ओढता येतो. मात्र बँड ताणला जाईल तसा जड होतो. हात पूर्ण वर असताना तो सगळ्यात हलका असतो, आणि पुल-अपमध्ये नवख्यांचं अडतं ते नेमकं तिथेच. म्हणून बँड सुरुवातीलाच थोडा ताणलेला असू द्या आणि हात वर सोडताना घाई करू नका.

पालथं झोपून हातपाय उचलायचा ‘सुपरमॅन’ही या यादीत घुसवला जातो. त्यात कंबरेचे स्नायू काम करतात. ओढ कुठेच नाही.

आठवड्यात तीन दिवस मिळत असतील तर मी दोन दिवस फरशीला आणि एक टेबलाला देईन. फक्त ताठ पाठ आणि मागे राहणारे खांदे हवे असतील, पुल-अप्सचं वेड नसेल, तर हे प्रमाण उलटं करा.