फळपृष्ठ-तापमानाचे पूर्वानुमान

बागेतील फळाची साल किती तापेल, हे हवामानाच्या नोंदींवरून आधीच काढण्याची पद्धत. उन्हाचे चट्टे (बागायतदारांच्या बोलण्यात ‘सनबर्निंग’) पडण्याआधी फळे गार करणारे पाण्याचे तुषार सुरू करता यावेत, हा तिचा मुख्य उपयोग. सर्वाधिक अभ्यास सफरचंदावर, विशेषतः अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झाला आहे.

सावलीतल्या तापमापकावर येथे विसंबता येत नाही. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असला, की उघड्यावरच्या सफरचंदाची उन्हाकडची साल हवेपेक्षा १० ते १५ अंश से. अधिक तापते. पान रंध्रांतून पाणी सोडून निवते. वाढलेल्या फळाला ती सोय फारशी नसते. फळ मोठे असेल, तर त्याच वाऱ्यात ते कमी निवते.

फळ हवेपेक्षा तापते हे निरीक्षण जुने असले, तरी त्याची गणिती मांडणी साधारणतः १९७० च्या दशकातली मानावी. थॉर्प यांनी १९७४ मध्ये सफरचंदाचे, तर स्मार्ट व सिंक्लेअर यांनी १९७६ मध्ये द्राक्षमणी व इतर गोल फळांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत शोषलेले सौर प्रारण एका बाजूला आणि वाऱ्याने व उष्ण प्रारणाने बाहेर जाणारी उष्णता दुसऱ्या बाजूला ठेवून सालीचे तापमान काढतात. हवेचे तापमान, ऊन, वारा व आर्द्रता यांवरून बांधलेली सांख्यिकीय सूत्रेही वापरात आहेत. ती सोपी असली, तरी ज्या बागेत बांधली तिच्याबाहेर डळमळतात; उष्णता-समतोलाची मांडणी अधिक भरवशाची वाटते.

अंदाजाला अर्थ येतो तो उंबरठ्यामुळे, म्हणजे ज्या तापमानाला सालीला इजा होते त्या मर्यादेमुळे. वॉशिंग्टन राज्यातील संशोधक श्रेडर व सहकाऱ्यांच्या सुमारे २००० पासूनच्या कामानुसार सालीचे तापमान सुमारे ५२ अंशांवर १० मिनिटे राहिले, तरी तेथील पेशी मरतात व काळपट डाग पडतो. तपकिरी, पिवळट चट्ट्याला जातीनुसार ४६ ते ४९ अंश सुमारे तासभर पुरतात. मात्र या चट्ट्याला तापमानाबरोबर ऊनही लागते. चट्ट्यांचा तिसरा प्रकार या गणितात बसत नाही. विरळणीनंतर (दाटलेली काही फळे काढून टाकल्यावर) किंवा फांदी वाकल्यावर सावलीतले फळ एकाएकी उन्हात आले, तर त्याची साल कमी तापमानातही पांढुरकी पडते. अशा वेळी केवळ तापमानाच्या इशाऱ्यावर राहणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न डाळिंबात ठळक दिसतो. आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फळे ऐन उन्हाळ्यात पोसतात आणि पश्चिमेकडच्या उघड्या फळांची साल दुपारच्या उन्हाने करपते. कागद वा कापडाचे आच्छादन, शेडनेट, केओलिनची (पांढऱ्या चिनी मातीची) फवारणी हे उपाय रूढ आहेत. सफरचंदाचे उंबरठे डाळिंबाला जसेच्या तसे लावू नयेत. साल, रंग व आकार वेगळे असल्याने थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या धातूच्या जोडतारेची) बारीक तार सालीखाली खोचून, उघड्या व झाकलेल्या फळांची मोजणी स्वतंत्रपणे करावी लागते.