चुलीने नाकारलेली सावर

सरपणाच्या बाजारात सावरीला, म्हणजे काटेसावरीच्या झाडाला, कधी भाव नव्हता. धावडा, खैर, बाभूळ हे चुलीचे मानकरी, कारण त्यांचा निखारा टिकतो. सावर भडकन पेटते, धूर करते आणि भाकऱ्या पुऱ्या व्हायच्या आत राख होऊन बसते. जळण म्हणून पांगारा आणि शेवगा तिचेच भाऊबंद.

खरं तर तिच्या लाकडात उष्णता कमी असते असं नाही. कुठल्याही झाडाचं किलोभर सुकं लाकूड जाळलं तरी साधारण 4,500 किलोकॅलरी मिळतात, थोडंफार इकडेतिकडे. फरक वजनाचा आहे. सुकी सावर घनमीटरला 350 ते 400 किलो भरते, बाभूळ 800च्या आसपास. चुलीच्या तोंडात मावतो तेवढाच ओंडका, त्यामुळे एका वेळी चुलीत सारलेल्या लाकडात उष्णता निम्मी. वखारीतून तोलून आणली तर पैशाला पैसा वसूल होईलही, पण चुलीपुढून उठायची सोय राहत नाही. त्यात ओली सावर पाण्याने गच्च असते आणि वाळेपर्यंत तिला बुरशी नि कीड गाठते. पावसाळ्याची बेगमी म्हणून ती कोण रचून ठेवणार?

या नावडतेपणाचा तिला फायदाच झाला. बांधावरची सावर कुऱ्हाडीतून सुटायची. तिचा कापूस उशीत जायचा. कोकणातल्या काही गावांत होळीला सावर लागते, राजस्थानात उदयपूरच्या बाजूलाही होळीचा दांडा तिचाच. तिथे निखारा टिकण्याशी कुणाला कर्तव्य नसतं.

तिच्यावर खरी कुऱ्हाड चालली ती आगपेटीमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या काड्यापेट्या मुख्यतः जपान आणि स्वीडनहून येत. 1922 साली सरकारने आयात पेट्यांवर ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया जकात बसवली, आणि बाहेरून माल आणण्यापेक्षा इथेच कारखाना काढणं स्वस्त पडू लागलं. 1923 साली स्वीडिश भांडवलावर ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’, म्हणजे विमको, उभी राहिली. तिचा एक कारखाना मुंबईजवळ अंबरनाथला होता. सुरुवातीला काड्यांसाठी ॲस्पेन या परदेशी झाडाचं लाकूड येई, पुढे देशी लाकडांत सावर सर्वांत उपयोगी ठरली. जे चुलीत वाईट तेच इथे गुणाचं: मऊ, सरळ धाग्याचं, सोलून पातळ पत्रे निघणारं, चटकन पेटणारं. काडीने दोनचार सेकंद जळायचं, निखारा धरायचाच नाही! फक्त ओंडके ताजे लागत, कारण पडून राहिले की नासत. त्यामुळे मागणी सतत नव्या तोडीची. प्लायवूड आणि खोकीवाल्यांचीही तिच्यावरच नजर होती.

जंगलातली सावर विरळ होत गेली तशी विमकोने 1970च्या दशकात उत्तरेत पॉप्लर या मऊ लाकडाच्या झाडाकडे मोर्चा वळवला. पुढे नाबार्डच्या कर्जाच्या जोरावर पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या शेतांच्या कडेला पॉप्लरच्या रांगा उभ्या राहिल्या. कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून उभा करावा, हे 1988च्या राष्ट्रीय वननीतीने धोरण म्हणूनच सांगितलं. पॉप्लरला थंडी लागते, त्यामुळे महाराष्ट्राला त्याचा उपयोग नव्हता.

महाराष्ट्राच्या 1964च्या झाडतोड नियंत्रण कायद्यात संरक्षित झाडांची यादी आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, मोह, हिरडा, आंबा, फणस अशी मोलाची झाडं त्यात आहेत. सावर नाही.