बोटं आखूड, म्हणून गिटार जमत नाही?

‘आखूड बोटांना कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) जमत नाहीत’ हे आमच्या इंदुरात पोह्यांच्या बशीबरोबरच ऐकायला मिळतं. तसं वाटणं साहजिक आहे. सुरुवातीला तारा खरखरतातच. पण ई मायनर या कॉर्डला दोनच बोटं लागतात, तीही एकाच घरात (दांडीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या जागेत), शेजारच्या तारांवर. मग खरखर का? बोट त्या घराच्या पुढच्या, म्हणजे गिटारच्या पेटीकडच्या, फ्रेटच्या पट्टीपासून लांब पडतं म्हणून. ते पट्टीच्या अगदी मागे सरकवा, एकेक तार छेडून ऐका. (डाव्या हाताची नखं आधी कापा!) आणि एफ कॉर्ड अडतो? पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तोच आकार एक घर पुढे धरा. एकदम सोपा झाला, तर बहुधा नटच्या (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत. गिटार दुरुस्त करणारा त्या घासून देतो.