भर पावसाळ्यात गारठणारा समुद्र

केरळच्या किनाऱ्यालगतचं समुद्राचं पाणी वर्षात सर्वांत थंड कधी असतं? डिसेंबर-जानेवारीत नव्हे, तर जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिल-मेमध्ये तिथे पृष्ठभागाचं तापमान ३० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. पाऊस स्थिरावला की ते चार-एक अंशांनी उतरतं. ढगांमुळे ऊन अडतं, वाऱ्यामुळे बाष्पीभवन वाढतं, हे खरंच. पण एवढ्यावर हिशेब लागत नाही. बाकीचा गारवा खालून येतो.

आपण ‘नैऋत्य’ मोसमी वारे म्हणतो खरं, पण भारताच्या दक्षिण टोकाकडे येईपर्यंत ते बरेचसे वायव्येकडून, किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहू लागतात. वारा पाण्याला आपल्याच दिशेने ढकलत असणार असं वाटतं, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे तसं होत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या ‘फ्राम’ जहाजाच्या सफरीत नॉर्वेच्या नान्सेन या शोधप्रवाशाला दिसलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकतो. त्याचं गणित एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ साली मांडलं: उत्तर गोलार्धात वरच्या थराचं पाणी एकूण मिळून वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जातं. केरळात वाऱ्याची उजवी बाजू म्हणजे खोल समुद्र. किनाऱ्यावरचं कोमट पाणी तिकडे ओढलं गेलं की त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर चढतं. यालाच अपवेलिंग म्हणतात.

गंमत म्हणजे याची तयारी वारा जोर धरण्याआधीच सुरू झालेली असते. बंगालच्या उपसागरातून निघालेल्या लाटा श्रीलंकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतात. वर पाहून त्या कळत नाहीत. थंड आणि कोमट पाण्याची सीमा मात्र त्यांच्यामुळे वर उचलली जाते. सोमालियासमोर वारे कितीतरी जोरकस असल्याने पृष्ठभाग २० अंशांच्याही खाली जाऊ शकतो. आपल्याकडे एवढा थाट नाही.

केरळकडून कर्नाटक, गोवा असं वर सरकावं तसं हे थंड पाणी उशिरा पोचतं, आणि गोव्यात तर ते पृष्ठभागावर फारसं दिसतच नाही. कारण सह्याद्री. घाटावर कोसळलेला पाऊस मांडवी, झुआरी, काळी अशा नद्यांतून समुद्रात येतो. हे गोडसर पाणी हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर काही मीटर जाडीचा थर करून बसतं, पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. वरचं पाणी कोमट, आणि थोडंच खाली तापमान एकदम उतरलेलं. उपग्रह फक्त वरचा पापुद्रा पाहतो. तोही पावसाळ्यात ढगांमुळे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांना दिसत नाही. सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) ढगांतून पाहतात, पण अगदी किनाऱ्याजवळ जमिनीच्या संकेतामुळे त्यांचीही पंचाईत होते. त्यामुळे उपग्रहाच्या नकाशावरून ‘गोव्यात अपवेलिंग नाही’ असं कुणी ठरवलं तर तो फसलाच.

हे झाकण नुसतं तापमान लपवत नाही. खालून आलेल्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट अशी खतं भरपूर असतात, पण प्राणवायू मुळातच कमी असतो. त्या खतांवर वरच्या पाण्यात वनस्पतिप्लवकांची, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, भरभराट होते. तारली आणि बांगड्यांची चंगळ त्यावरच. मेलेले प्लवक तळाशी कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतात, आणि वरून नवा मिसळू द्यायला झाकण तयार नसतं. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ तिथल्याच कांदोळी किनाऱ्यासमोर जेमतेम २५-३० मीटर खोल पाण्यात वर्षानुवर्षं नमुने घेत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिथे तळाजवळ प्राणवायू शून्यावर येतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सापडतो. इथूनच नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायूही मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, असं याच संस्थेच्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं.

नोव्हेंबरपर्यंत किनाऱ्याचा प्रवाह उलटतो आणि उत्तरेकडे वाहू लागतो. थंड पाणी पुन्हा खोल जातं, तळाला प्राणवायू मिळतो. हिवाळ्यात केरळचा समुद्र पावसाळ्यापेक्षा ऊबदार असतो, तो यामुळेच.