मॉमी नदीची वलगण: वॉलआयसाठी येणाऱ्या आमच्या ग्राहकांना

मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे मासे ज्यांनी लहानपणी पकडलेत, त्यांना मॉमी नदी फार समजावून सांगावी लागत नाही. हीसुद्धा वलगणच. फक्त इथे पावसाऐवजी गारठा ओसरण्याची वाट बघावी लागते. ओहायोत मार्च उजाडला की लेक एरी या मोठ्या तळ्यातला वॉलआय मासा अंडी घालायला टोलीडोजवळून नदीत शिरतो आणि पेरिसबर्ग ते वॉटरव्हिलच्या खडकाळ, खळाळत्या पाण्यापर्यंत चढत जातो. या भागाला माशाचं इतकं वेड आहे की टोलीडोच्या आइस हॉकी संघाचं नावच वॉलआय आहे.

दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "या शनिवारी येऊ का?" आमचं उत्तर एकच: शनिवार नको, पाणी बघा. पाणी ४२ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साडेपाच सेल्सियसच्या आसपास आलं की मासा हलतो, आणि ५० पर्यंत चांगला जोर असतो. बहुतेक वर्षी हे दिवस मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत येतात. नर आधी येतात आणि रेंगाळतात. माद्या मागून येतात, अंडी टाकून लगेच तळ्याकडे परततात. त्यामुळे तुमच्या गळाला लागणारे बहुतेक नरच असणार. आकाराने लहान म्हणून हिरमुसू नका, खायला तेच बरे.

तापमानाइतकीच पातळीही महत्त्वाची. वरच्या बाजूला सगळी शेती आहे. जोराचा पाऊस झाला की नदी दुधाळ चहासारखी होते आणि फुगते. त्या दिवशी डिट्रॉइट किंवा कोलंबसहून गाडी काढू नका. वॉटरव्हिलच्या सरकारी मोजणी केंद्राचे आकडे फोनवर दिसतात, निघण्याआधी ते पाहायची सवय लावून घ्या. वाऱ्याचाही हिशोब आहे. ईशान्येचा जोरदार वारा तळ्याचं पाणी टोलीडोकडे ढकलतो, मग खालच्या भागात नदी चढते. नैर्ऋत्येचा वारा सुटला की उतरते. सकाळी पायी ओलांडलेली जागा दुपारी छातीभर झाली, असं होऊ शकतं.

उभं कुठे राहायचं? पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही मॉमी गावाच्या बाजूला साइड कट पार्क आणि तिथलं ब्लूग्रास बेट सुचवतो. समोरच्या पेरिसबर्गच्या काठावर बटनवुड ही जागा आहे. तिथे पाणी देखणं, पण गर्दी पंढरीच्या वारीसारखी. पाण्यात उतरायचंच नसेल तर आणखी खाली, फोर्ट मिग्ज किल्ल्याच्या पलीकडे ऑर्लिन्स पार्क बघा. मात्र कुठेही गेलात तरी नदीच्या मधोमध गळ टाकायची घाई करू नका. वॉलआय जोराच्या धारेत उभा राहत नाही. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेघेवर, खडकाच्या आडोशाला तो दम खात असतो. कितीदा तरी मासा माणसाच्या पायाजवळच असतो आणि माणूस गळ पलीकडच्या काठाकडे फेकत असतो.

सामान साधंच लागतं. मध्यम ताकदीचा रॉड, आठ-दहा पौंडांची लाइन, तिच्यावर सरकणारं शिसं, शिशापुढे लाइनचा दीड-दोन फुटांचा तुकडा आणि टोकाला तरंगणाऱ्या डोक्याचा गळ, त्यावर रबरी शेपटी. गढूळ पाण्यात पोपटी किंवा नारिंगी शेपटी, निवळ पाण्यात पांढरी. गळ प्रवाहाच्या किंचित वर टाका आणि धारेबरोबर वाहू द्या. शिसं तळाच्या दगडांना टकटक लागलं पाहिजे. टकटक नसेल तर शिसं हलकं आहे, आणि दर फेकीला अडकत असेल तर जड. मासा झटका देईलच असं नाही, बऱ्याचदा ओलं फडकं अडकल्यासारखा नुसता जडपणा जाणवतो. दोन-चार गळ दगडांत जाणारच, म्हणून डझनभर बांधून आणा.

आता नियम. इथे मात्र आम्ही गिऱ्हाइकाचं ऐकत नाही. १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला ओहायोचा परवाना लागतो. शेजारच्या राज्याचा चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये या नदीत फक्त सूर्योदय ते सूर्यास्त मासेमारी चालते. वॉलआयचे डोळे मांजरासारखे चमकतात, त्याला अंधारात उत्तम दिसतं आणि अंडीही तो रात्रीच घालतो. आपल्या वाट्याला येतो दिवस, म्हणून सूर्योदयानंतरची पहिली वेळ आणि ढगाळ हवा साधा. गळ एकेरीच हवा, टोक ते दांडी अर्ध्या इंचापेक्षा जास्त अंतराचा नको. मासा तोंडाच्या आत लागलेला असेल तरच तुमचा. पोटाला, पाठीला, शेपटीला लागलेला तिथेच सोडायचा, मग तो केवढाही असो. १५ इंचांखालचाही परत. दिवसाला किती ठेवता येतात ते परवाना काढताना चालू हंगामाच्या नियमांत वाचून घ्या.

गाभोळीचा मोह आम्हालाही आहे. तरी भरलेली मोठी मादी सोडून द्या असं आम्ही सुचवतो, हा कायदा नाही, विनंती आहे. दोन नर चौघांच्या जेवणाला पुरतात. मांस पांढरं, वास नाही, आणि रोहूसारखा काट्यांचा जाच नाही. आगळ, हळद, मालवणी मसाला लावून रव्यात घोळवून तळा. सुरमईची आठवण काढणारे आमचे काही ग्राहक आता सुरमईचं नाव घेत नाहीत. माशाच्या तोंडात मात्र अंगठा घालू नका. दात सुईसारखे असतात आणि कल्ल्याची कडही कापते.

रबरी विजारी, म्हणजे वेडर्स, आमच्याकडे दिवसाच्या भाड्याने मिळतात. सोबत कमरेचा पट्टा आणि काठी देतो. पट्टा आवळल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. पडलात तर विजारीत पाणी भरतं आणि ४५ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. परत देताना आतून ओल्या असतील तर तसं सांगा, आम्ही रागावत नाही. न सांगता घडी घालून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी पुढच्या माणसाचे पाय गारठतात.