क्षमतावर्धन, अस्थिव्यंग व्यक्तींचे (खानदेश)

हातापायांच्या हालचालींवर मर्यादा आलेल्या व्यक्तींना व त्यांच्या संस्थांना साधने, हक्क आणि कारभार स्वतः हाताळता यावा यासाठीचे प्रशिक्षण. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात बरे झालेले कुष्ठरुग्ण, मेंदूचा पक्षाघात, बुटकेपणा, स्नायुविकृती व ॲसिडहल्ला यांचाही समावेश याच गटात होतो.

संकल्पनेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत ती जागतिक आरोग्य संघटनेच्या समुदायाधारित पुनर्वसनाशी जोडते. १९७८ च्या आल्मा-आटा येथील प्राथमिक आरोग्यसेवा परिषदेनंतर आकाराला आलेल्या या पद्धतीत गावातला कार्यकर्ता आणि घरची माणसे शिकत. अपंग व्यक्ती बहुधा लाभार्थीच राही. दुसरे मत १९८० च्या विनिपेग (कॅनडा) येथील पुनर्वसन परिषदेपासून आरंभ मानते. परिषद भरवणाऱ्या संघटनेच्या कारभारात निम्म्या जागा अपंगांना द्याव्यात ही मागणी तेथे फेटाळली गेली आणि १९८१ मध्ये सिंगापूरला अपंगांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. ‘क्षमतावर्धन’ ही संज्ञा संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजांत साधारणतः १९९० नंतर रुळली असली, तरी आशय पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) साधनवाटपाची शिबिरे परिचितच आहेत. साधन वापरण्याचे शिक्षण मात्र वेगळे द्यावे लागते. १९६८ च्या सुमारास विकसित झालेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय उकिडवे बसण्यास, अनवाणी चालण्यास चालतो, म्हणून शेतकऱ्याला सोयीचा. परंतु पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत खुंट (पायाचा उरलेला भाग) आक्रसतो, सॉकेट (खुंट बसवायची खोबण) सैल पडते. पाय उतरवल्यावर खुंट न्याहाळणे, खुंटावरच्या मोज्यांचे थर वाढवणे, उमटलेली लाली ओसरत नसल्यास सॉकेट बदलून घेणे हे वापरणाऱ्यालाच यावे लागते.

जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात विविध प्रकारच्या दिव्यांग युवकांची स्पर्धा परीक्षांची निवासी तयारी करून घेतली जाते. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्चायची असते. ती ग्रामसभेत मागता येणे हाही प्रशिक्षणाचाच भाग. जिथे घरपट्टीच तुटपुंजी, तिथे अर्थात मागूनही फारसे हाती लागत नाही.

संस्थांच्या बाबतीत भर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालील नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षणावर असतो.