वक्तृत्वाचे गुण नेमके कशाला?

साने गुरुजी जयंतीच्या आसपास जळगाव-धुळ्याकडे वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम असतो. परीक्षकांच्या हाती ठरलेला तक्ता: मांडणी, उच्चार, हावभाव, आवाज, एकूण परिणाम. प्रत्येकी दहा गुण.

भरलेला तक्ता आडवा वाचून पाहावा. 'आदरणीय व्यासपीठ' खणखणीत म्हणणाऱ्या मुलीला पाचही रकान्यांत आठ-नऊ. पहिल्याच ओळीत अडखळलेल्याला सगळीकडे पाच-सहा, मग पुढे त्याने मुद्दे कितीही चोख मांडलेले असोत. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांना दिलेल्या गुणांत हेच दाखवलं होतं: एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडते.

खान्देशात ही छाप बऱ्याचदा उच्चाराच्या रकान्यातून पडते. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी 'डोळा'चा 'डोया' आणि 'पाणी'चं 'पानी' सहज येतं. बोलीचा तो नियमच आहे. त्यासाठी गुण कापले, की परीक्षा मुलाच्या घराची होते, असं माझं स्पष्ट मत.

सादरीकरण जोखायचं तर विराम ऐका. ध्वनिमुद्रणात साधारण पाव सेकंदाहून लांब शांतता विराम धरतात; पण तो पडला कुठे, हे जास्त बोलकं. 'बहिणाबाई काम करता करता' म्हणून थांबलेला मुलगा 'ओव्या रचायच्या' यासाठी श्रोत्यांचे कान तयार करतो. 'काम करता' पाशीच थांबला, तर पाठांतर निसटलंय. वेगासाठी मिनिटाला शब्द मोजणं मराठीला सोयीचं नाही. 'शाळेतल्यांनासुद्धा' हा एकच शब्द! सेकंदाला किती अक्षरं, हे माप बरं. भीतीने स्वरतंतू ताणले जाऊन आवाजाची पट्टी चढते; 'प्राट' हे मोफत सॉफ्टवेअर ती आलेखात दाखवतं.

हावभाव असे मोजता येत नाहीत. तिथे लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडलेली तुलनेची कल्पना उपयोगी पडते. आकडा द्यायचाच नाही. दोन भाषणं ऐकून सरस कोणतं, एवढंच सांगायचं. अनेक जोड्यांच्या निकालांवरून क्रम गणिताने लागतो. सात द्यावे की आठ, यात आपण घोटाळतो. दोघांत उजवा कोण, हे त्या मानाने पटकन सांगतो. वेळ मात्र जातो: दहा भाषणांच्या सगळ्या जोड्या ४५ होतात. मोठ्या स्पर्धेत म्हणून निवडक जोड्याच घेतात.

तक्ताच वापरायचा असेल, तर दोन परीक्षकांना लांब बसवा आणि गुण लिहून झाल्याशिवाय चहा देऊ नका. चहावर गुण फार लवकर जुळतात.